एका सुताचं अंतर

गिरगावात सुट्टीला आले की आधी गॅलरीतल्या खांबाला हात लावायचा, ही माझी लहानपणापासूनची सवय. यंदा मात्र नजर वर गेली, तुळई जिथे खांबात शिरते तिथे. कारण सप्टेंबरात, तिकडे अमेरिकेत व्हरमाँटमध्ये, आमच्या घरामागे मित्रमंडळींनी मिळून एक लाकडी शेड उभी केली. तिच्या सांगाड्यात एकही खिळा नाही.

शेजारच्या काकांचा जन्म सुतारकामात गेला. त्यांनी लगेच विचारलं, "मग धरलंय कशानं?"

"कुसवानं, काका."

शेड बारा फूट बाय सोळा फुटांची. पांढऱ्या पाइनचे आठ इंची चौकोनी खांब. उन्हाळ्यातले सगळे शनिवार-रविवार पटाशी, मोगरी आणि गुण्या घेऊन आम्ही दोघं अंगणात. तुळईच्या टोकाला दोन इंच जाडीचं कुसू, म्हणजे खाचेत शिरणारी जीभ, काढायचं, खांबात त्याच्या मापाची खाच, आणि दोन्हींतून आरपार ओकची खुंटी. पण भोकं एका रेषेत पाडायची नाहीत! कुसवातलं भोक एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तुळईच्या बाजूला सरकवून घ्यायचं. मग खुंटी ठोकली की ती वाट काढताना जराशी वाकते आणि कुसू खाचेत ओढून घेते. पुढे लाकूड वाळून आकसलं तरी पकड सुटत नाही. ठोकताना आवाजावरून कळतं. आधी भद्द भद्द, मग सांधा आवळत आला की आवाज चढतो, टणटणीत होतो. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

काका म्हणाले, "सूत म्हणजे सूतच. तिथं माप चुकलं की खुंटी तरी मोडते नाहीतर लाकूड तरी फाटतं."

उभारणीच्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. त्यातले चार मराठी, पहाटे बोस्टनहून निघालेले. तिन्ही चौकटी जमिनीवर आडव्या जुळवून ठेवल्या होत्या. एकेकीचं वजन दोनशे किलोंच्या वर. मधल्या चौकटीत एक तिरपा टेकू बसेना. खाच पाव इंच उथळ राहिली होती, आणि ती मीच कोरलेली. सगळे थांबले. शेजारचे म्हातारे शेतकरी एक शब्द न बोलता गुडघ्यांवर बसले, माझ्या हातातली पटाशी घेऊन तळ साफ केला आणि पटाशी परत माझ्याच हातात दिली, शेवटचा घाव मी घालावा म्हणून. त्यांचं हे वागणं मी कधी विसरणार नाही.

उचलताना बोलायचं एकानंच, बाकीच्यांनी ऐकायचं. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, मग लांब बांबूसारख्या काठ्यांनी वर रेटत. आमच्या चौघांनी 'हैया हो' सुरू केलं आणि दुसऱ्या चौकटीपर्यंत तिथले सगळेच ते म्हणू लागले. खांबाची कुसवं खालच्या तुळईत धप्पकन बसली तेव्हा पायाखालची फळी हलली.

संध्याकाळी तिथल्या रिवाजाप्रमाणे आढ्यावर हिरवी फांदी ठोकली. मी नारळ वाढवला. जेवायला पिठलं, भात आणि शेजारणीनं आणलेला ॲपल पाय.

काकांनी सगळं ऐकून घेतलं, आतून स्टूल आणि टॉर्च आणला. मला म्हणाले, "चढ." तेलरंगाच्या कितीतरी थरांखाली, तुळईच्या सांध्यावर, रुपयाएवढा गोल उंचवटा लागला बोटाला.

"अगं, हीच की ती," काका खालून म्हणाले.