आजीच्या चौरंगाला मी पॉलिश करणार होते

डोंबिवलीच्या आमच्या घरात आजीचा एक चौरंग आहे, सावंतवाडीचा. तिच्या लग्नात बैलगाडीतून कुडाळला आला, असं ती सांगायची. तांबडी जमीन, कडेने पिवळ्या-हिरव्या वेलीची किनार, चार कोपऱ्यांत चार फुलं. मधोमध कमळ होतं, ते आता ज्याला माहीत आहे त्यालाच दिसतं. इतक्या वर्षांचे सत्यनारायण, कलश आणि ओली तांदळाची रास यांनी ते पुसत आणलंय. एका बाजूला निरांजनाच्या तळाएवढा गोल डाग आहे. वरची लाख उष्णतेने मऊ होते. कुणीतरी तापलेलं निरांजन थेट चौरंगावर टेकवलं आणि ते चिकटलं. आजी दर गणपतीला तो डाग दाखवून एकाच काकूचं नाव घ्यायची. काकू गेल्या, आजीही गेली, डाग आहे.

दोन वर्षांपूर्वी घर रंगवायला काढलं तेव्हा मला हे ध्यान नकोसं झालं. फर्निचरचं काम करणारा म्हणाला, "मॅडम, हा रंग काढून टाकू. आतून मस्त सागवान निघेल, त्यावर मॅट पॉलिश." मी हो म्हटलं. त्याने पॉलिशपेपरने एक कोपरा घासला. दोन बोटं रुंदीचा पट्टा गेला आणि आतून काय निघालं? फिकट, गाठीचं लाकूड, दोन फळ्यांचा सांधा आणि तो बुजवणारी पांढुरकी पुट्टी. सागवान कसलं! त्याचा चेहरा पडला, माझा त्याहून जास्त. थांबवलं.

पुढच्या मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा चौरंग गाडीत घालून सावंतवाडीला नेला. मोती तलावापासून जवळच चितारआळी आहे, लाकडावर रंगकाम करणाऱ्या चितारींची. लाकडी फळं, भाज्या, पाट, पोळपाट, पाळणे यांनी भरलेली दुकानं. एका म्हाताऱ्या कारागिरांनी चौरंग उलटा केला, पायांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाये, ह्येका घासूक नको. खंयचाय पॉलिश मारलंस तरी जुनो रंग परत येवचो नाय."

मग त्यांनी समजावलं ते मला आधी कळायला हवं होतं. असल्या वस्तूत लाकूड मिरवायचं नसतंच. साधं, हाताशी मिळेल ते लाकूड घ्यायचं, फटी बुजवायच्या, अस्तर द्यायचं, त्यावर चित्र आणि वरून लाख. किंमत त्या वरच्या कागदाएवढ्या थराची. गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांच्या, पानांचंही तसंच. कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडू चोपडून ताठ करायचं, गोल कापायचं, रंगवायचं. दशावतारी गंजिफात अशी १२० पानं: दहा अवतार, प्रत्येकाची बारा. प्रत्येक अवताराच्या पानांत एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे तळहातात मावतात.

राजवाड्यातही जाऊन आले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गंजिफाची ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवींनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागीर बसवले. आजही तिथे मांडी घालून काम करणारी माणसं दिसतात. एकजण मत्स्यावताराच्या शेपटीवर खवले काढत होता, एकेक, शांतपणे. पत्ते खेळणारे कुठे उरलेत? म्हणून तेच अवतार आता खुर्च्या, डबे, चौरंगांवर जाऊन बसलेत. गंजिफाची वर्तुळं दिसली की मुंबईतले काही विक्रेते 'शंभर वर्षं जुना' म्हणून भाव सांगतात. मी तरी आता आधी उलटं करून खालची बाजू बघते. वापरलेल्या वस्तूचे पाय जमिनीला टेकतात तिथे झिजलेले असतात, आणि झीज सारखी नसते.

आणखी एक गोष्ट. जुने चितारी हिंगूळ, हरताळ असले खनिज रंग वापरत. हिंगुळात पारा, हरताळात सोमल. नंतरच्या तैलरंगांत शिसं असायचं. म्हणजे तो पॉलिशपेपर चालू राहिला असता तर चित्र गेलंच असतं, वर ती धूळ घरभर. ती दोन बोटं घासली तेव्हा शेजारी माझा नातू खेळत होता, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

कारागिरांना विचारलं, तेवढा पट्टा रंगवून द्याल का? त्यांनी बराच वेळ बघितलं. "रंगवतंय, पण नवो रंग नवोच दिसतलो." मग नकोच म्हटलं. मऊ कोरड्या फडक्याने पुसायचा, पाणी लावायचं नाही, उन्हात ठेवायचा नाही, एवढं सांगून त्यांनी पैसेही घेतले नाहीत. मी लाजेकाजेने एक पोळपाट घेतला.

या गणपतीत चौरंग मखरात होता. त्यावर केळीचं पान, पानावर मूर्ती, निरांजन ताम्हनात. घासलेला कोपरा भिंतीकडे. सुनेने विचारलं, "आई, हा गोल डाग कसला?" मी काकूंचं नाव सांगितलं. कोपऱ्याचं तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही.