आधी पळणारी मुलं

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या शाळांमध्ये मी आपत्तीची मॉक ड्रिल घेतो. त्या कामासाठीच एकदा जपानच्या इवाते प्रांतात कामाइशी शहराच्या उनोसुमाइ भागात गेलो. तिथला फक्त एक रस्ता चालून बघायचा होता. ११ मार्च २०११ ला दोन शाळांची मिळून सुमारे ५७० मुलं या रस्त्याने पळाली आणि त्सुनामीतून वाचली.

कामाइशी हिगाशी माध्यमिक आणि उनोसुमाइ प्राथमिक या शाळा एकमेकींना लागून, नदीच्या मुखाजवळच्या सपाटीवर होत्या. आता तिथे रग्बीचं मैदान आहे. २०१९ च्या विश्वचषकातला फिजी-उरुग्वे सामना याच मैदानावर झाला. शाळा डोंगर कापून वर नेली आहे. मैदानाच्या कडेला उभं राहून मी घड्याळ लावलं आणि चालायला लागलो.

दुपारी २.४६ ला ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. कित्येक मिनिटं जमीन थांबेना. वीज गेली आणि शाळेचा ध्वनिक्षेपक बंद पडला. म्हणजे आराखड्यातली पहिलीच पायरी निखळली. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक शाळेच्या आराखड्यात पहिली ओळ 'घंटा वाजवणे' अशी असते, आणि ती घंटा बऱ्याच ठिकाणी विजेवरची असते. जिथे अजून रुळाचा तुकडा टांगून टोल देतात, त्या शाळा या बाबतीत जास्त सुरक्षित आहेत.

घोषणा झाली नाही तरी माध्यमिकची मुलं मैदानात उतरली. रांगा लावणं, हजेरी घेणं यात वेळ न घालवता पळा, असं शिक्षकांनी ओरडून सांगितलं आणि मुलं पळत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेत लहान मुलांना तिसऱ्या मजल्यावर नेलं होतं. इमारत मजबूत होती, बाहेर कडाक्याची थंडी होती, त्यामुळे तो निर्णय त्या क्षणी वेडेपणाचा नव्हता. पण मोठी मुलं पळताना दिसली आणि छोटी मुलंही जिना उतरून त्यांच्या मागे निघाली. लाट ओसरल्यावर त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याला एक मोटार अडकलेली सापडली.

पहिला टप्पा म्हणजे गोझाइशो नो सातो हे वृद्धांचं निवासस्थान. शाळेपासून अंतर साधारण पाऊण किलोमीटर. ठरलेलं ठिकाण हेच होतं, सरावात सगळे इथेच येऊन थांबत. इथे हजेरी झाली. तेवढ्यात मागच्या कड्यावरून माती-दगड कोसळलेले दिसले. इथे थांबायचं नाही, आणखी वर जायचं, असं मुलांनी शिक्षकांना सांगितलं आणि शिक्षकांनी ते ऐकलं. मग आणखी चारपाचशे मीटर, यामाझाकीच्या डे-केअर केंद्रापर्यंत. या टप्प्यात माध्यमिकच्या मुलांनी प्राथमिकच्या मुलांचे हात धरले. वाटेत पाळणाघरातली बाळं भेटली, त्यांच्या ढकलगाड्याही या मुलांनी ढकलल्या. केंद्रावर पोचतात तोच खाली गावावर धुरळा उठला, घरं मोडू लागली. मग मात्र रांग वगैरे काही उरलं नाही. जो तो जिवाच्या आकांताने वरच्या खिंडीकडे धावला. जिथे थोड्या वेळापूर्वी हजेरी घेतली होती, ती जागा पाण्याखाली गेली.

शाळेपासून खिंडीपर्यंतचं एकूण अंतर सुमारे १.६ किलोमीटर. मोकळ्या हातांनी, कुठेही न थांबता चालत मला २३ मिनिटं लागली. सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून, मध्ये हजेरीला थांबून किती लागतील याचा हिशोब प्रत्येक मुख्याध्यापकाने एकदा करून बघावा. पाणी अर्ध्या तासाच्या आतबाहेर आलं. किनाऱ्याजवळ लाटेचा वेग ताशी ३५-४० किलोमीटरच्या घरात असतो. ती दिसल्यावर पळायला लागलेला माणूस सपाटीवर तिला हरवू शकत नाही.

मराठीत 'पळ काढला' म्हटलं की अपमान होतो. पळपुटा ही शिवी आहे. ड्रिलमध्ये मला सर्वांत जास्त अडचण याच शब्दाची येते. वर्गात पहिला उठून पळायला एकही मूल तयार नसतं. सगळे एकमेकांकडे बघतात. बाकीचे बसलेत म्हणजे धोका नसेल, असं प्रत्येकाला वाटतं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघूनच बसलेला असतो. जपानीत 'सोस्सेन हिनानशा' असा शब्द आहे: स्वतः सगळ्यांच्या आधी निघून इतरांना हलवणारा. गुन्मा विद्यापीठाचे तेव्हाचे प्राध्यापक कातादा तोशिताका यांनी कामाइशीच्या मुलांना कित्येक वर्षं तीन गोष्टी शिकवल्या. गृहीतकांवर विश्वास ठेवू नका. त्या परिस्थितीत शक्य असेल ते सगळं करा. आणि सगळ्यांच्या आधी निघा. चूक ठरलं तर हसं होईल हे माहीत असताना पहिलं पाऊल टाकायला जी हिंमत लागते, ती मला कुणाला पाण्यातून ओढून काढण्यापेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

गृहीतकाचं म्हणाल, तर शहराच्या धोक्याच्या नकाशात या दोन्ही शाळा पाण्याच्या रेषेबाहेर होत्या. १८९६ च्या त्सुनामीवरून ती रेषा आखली होती. हवामान खात्याचा पहिला इशारा २.४९ ला आला, इवातेसाठी ३ मीटरचा. ३.१४ ला तो ६ मीटर केला, ३.३१ ला १० मीटरहून जास्त. वीज नसल्यामुळे पुढचे आकडे अनेकांपर्यंत पोचलेच नाहीत. डोक्यात राहिला तो ३ मीटरचाच आकडा.

याच उनोसुमाइमध्ये आपत्ती निवारण केंद्र नावाची नवी दुमजली इमारत होती. त्सुनामीत आसरा घेण्याची ती जागा नव्हती. पण खरी जागा चढावर, म्हाताऱ्यांना लांब पडायची, म्हणून सराव याच इमारतीत होत असे. ३ मार्च २०११ ला, म्हणजे फक्त आठ दिवस आधी, तिथे सराव झाला. लोक आले, संख्या मोजली गेली. ११ तारखेला लोक सरावाप्रमाणे तिथेच गेले आणि दीडशेहून अधिक माणसं त्या इमारतीत मेली. सोयीसाठी चुकीच्या जागी घेतलेला सराव माणसांना मरणाच्या दारात नेऊन बसवतो. माझ्या कामातली सर्वांत मोठी भीती हीच.

कामाइशी ज्या सान्रिकु किनाऱ्यावर आहे, तिथे एक शब्द आहे, 'त्सुनामी तेंदेन्को'. त्सुनामी आली की ज्याने त्याने आपापलं पळावं. ऐकायला स्वार्थी वाटतं. पण यामागे घरात आधी झालेलं बोलणं असतं. मूल शाळेतून वर गेलं असणार याची आईला खात्री हवी, आणि आई आपल्याला न्यायला येणार नाही, ती तिकडून वर जाईल, याची मुलाला. ही खात्री नसली की पालक गाड्या घेऊन शाळेकडे येतात, रस्ता तुंबतो. कामाइशीत जवळपास ३,००० शाळकरी मुलांपैकी पाच दगावली. ती त्या वेळी शाळेच्या ताब्यात नव्हती. शहराने पुढे 'कामाइशीचा चमत्कार' हे नाव सोडून 'कामाइशीची घटना' म्हणायला सुरुवात केली. एवढी माणसं गेलेल्या गावात चमत्कार हा शब्द टोचणारच. आणि मुलांनी जे केलं ते त्यांना शिकवलेलं होतं, ते आकाशातून पडलं नव्हतं.

परत आल्यापासून माझा ड्रिलचा तक्ता बदलला आहे. 'सुरक्षित ठिकाण' असा एकच रकाना असायचा आणि त्यात बहुतेक वेळा 'शाळेचे मैदान' लिहिलेलं असायचं. भूकंपाला ते ठीक आहे, समुद्राला नाही. आता तीन रकाने आहेत: पहिलं ठिकाण, तिथून वरचं, त्याहून वरचं. तिन्ही ठिकाणं मुलांसोबत चालून, वेळ लिहून घ्यायची. एका फेरीत घंटा मुद्दाम वाजवायची नाही. एका फेरीत पहिल्या ठिकाणी दोरी बांधून रस्ता बंद करायचा आणि शिक्षकांनी गप्प राहायचं. पुढे कुठे जायचं ते मुलांनी ठरवायचं. सातवी-आठवीच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतलं किंवा पहिलीतलं एक मूल नेमून द्यायचं, नावानिशी. आणि प्रत्येक वर्गातून तीन मुलं अशी, ज्यांनी जोराचा हादरा थांबताच कुणाकडेही न बघता उठायचं.

मागच्या खेपेला एका शाळेत अशा तिघांपैकी एका मुलीने विचारलं, "सर, बाई बसलेल्या असल्या तरी?"

बाई शेजारीच उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, "हो. मी बसलेली असले तरी."