आईच्या पॅनेलवरची तिथी, ग्नोम ४६ वर

आमच्या सांगलीच्या घरी आईच्या लॅपटॉपवर वरच्या पट्टीत घड्याळाच्या डाव्या बाजूला त्या दिवसाची तिथी दिसते, म्हणजे "भाद्रपद शुद्ध तृतीया" असं. ते एक छोटं ग्नोम एक्स्टेंशन आहे (ग्नोम म्हणजे उबंटू या लिनक्सवरचा डेस्कटॉप, आणि एक्स्टेंशन म्हणजे त्याला लावायचा छोटा जोड), मी उबंटू २२.०४ च्या काळात लिहिलेलं. तिथीचं गणित त्यात काही नाही, गुढीपाडव्याला पुढच्या वर्षाचं पंचांग बघून एक जेसन फाइल (ठरावीक पद्धतीने लिहिलेली साधी मजकुराची फाइल) टाइप करायची, तारीख आणि त्यापुढे तिथी, बास. आई रोज सकाळी लॅपटॉप उघडते, तिची भजनं लावते आणि वर बघते. भिंतीवरचं कॅलेंडर चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही, पट्टीवरचं दिसतं.

२०२४ च्या ऑगस्टअखेर उबंटूची २४.०४.१ आली. त्याच वेळी आईच्या लॅपटॉपला एसएसडी घातली होती, म्हणून म्हटलं जुनं ओढत बसण्यापेक्षा नवीनच टाकू. ३१ ऑगस्टला शनिवारी घरी गेले, इन्स्टॉल केलं, आईचे फोटो परत आणले, एक्स्टेंशनचा फोल्डर जुन्या जागी ठेवला, आणि तिथी काही दिसेना. "अगं, वरचं गेलं का?" आईने लगेच विचारलं. ७ तारखेला गणपती होते, मी म्हटलं त्याच्या आत करते.

आता हे असं का होतं ते आधी सांगते, कारण लोक फार चिडतात यावर आणि मला ते थोडं अन्यायाचं वाटतं. ग्नोमचं एक्स्टेंशन हे ब्राउझरच्या एक्स्टेंशनसारखं कुंपणाच्या बाहेर उभं राहून खिडकीतून मागण्या करत नाही, ते थेट शेलच्या, म्हणजे पट्टी आणि खिडक्या दाखवणाऱ्या ग्नोमच्या मुख्य प्रोग्रामच्या, प्रोसेसमध्ये चालतं. पट्टी, घड्याळ, मेनू, खिडक्या, शेलच्या जावास्क्रिप्टमधलं जवळजवळ काहीही तुम्ही हातात घेऊन बदलू शकता. पण मग शेलने आतली एखादी गोष्ट हलवली की तुमचा हात हवेत राहतो. ठरलेला, कायम टिकणारा असा करार तिथे नाही, म्हणूनच मेटाडेटा फाइलमध्ये (एक्स्टेंशनची माहिती असलेली फाइल) कुठल्या शेल व्हर्जनवर हे चालतं ते लिहावं लागतं आणि तिथे नंबर नसला की शेल ते लोडच करत नाही. माझ्या फाइलमध्ये फक्त ४२ होतं आणि २४.०४ मध्ये ग्नोम ४६ आहे.

तर पहिलं मी तेच केलं जे सगळे करतात, ४२ च्या पुढे ४६ लिहिलं आणि लॉगआउट करून परत आले. एरर. जर्नलसीटीएलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या लॉगमध्ये, बघितलं तर 'मिस्क' नावाचं मॉड्यूल (कोडचा वेगळा तुकडा) सापडत नाही म्हणे. माझ्या फाइलची पहिलीच ओळ त्यातलं एक्स्टेंशन युटिल्स मागवणारी होती, ती तिथेच आडवी झाली.

४२ आणि ४६ च्या मध्ये ४५ येऊन गेलंय ना, सप्टेंबर २०२३ मध्ये, आणि या सगळ्या प्रवासातला मोठा घाट तोच. त्याआधी ग्नोमच्या जावास्क्रिप्टमध्ये 'इम्पोर्ट्स' नावाचा एक ग्लोबल ऑब्जेक्ट असायचा आणि त्याला डॉट लावत लावत पुढे जायचं, इम्पोर्ट्स डॉट यूआय डॉट मेन वगैरे. ती त्यांची घरची पद्धत होती कारण शेल लिहायला घेतलं तेव्हा जावास्क्रिप्ट भाषेत स्वतःची मॉड्यूल्सच नव्हती, ती आली २०१५ मध्ये. ४५ पासून ग्नोमने घरची पद्धत सोडून भाषेची पद्धत घेतली, आणि ती अशी गोष्ट आहे की अर्धी जुनी अर्धी नवी ठेवता येत नाही, नव्या पद्धतीची फाइल ४४ वर टाकली तर तो म्हणतो इम्पोर्ट फक्त मॉड्यूलमध्येच चालेल, आणि जुनी फाइल ४५ वर टाकली तर माझं झालं तसं. म्हणजे ज्यांनी ज्यांनी एक्स्टेंशन लिहिलं होतं त्या सगळ्यांना एकाच वेळी हात लावावा लागला. तरी मला हा बदल बरोबर वाटतो आणि करताना तो जास्तच पटत गेला, कारण आता एडिटरला कळतं कुठली गोष्ट कुठून येते, आधी त्याला काहीच कळायचं नाही आणि सगळं डोक्यात ठेवावं लागायचं.

करायचं काय होतं ते तसं सरळ आहे. एसटी, क्लटर, जीलिब असल्या लायब्रऱ्या आता 'जीआय' आणि कोलन-स्लॅश-स्लॅश लावून मागवायच्या. शेलच्या स्वतःच्या फाइल्स 'रिसोर्स'ने सुरू होणाऱ्या लांब पत्त्याने. स्वतःची शेजारची फाइल डॉट-स्लॅश लावून, आणि शेवटी डॉट जेएस लिहायचंच, ते विसरलं तर सापडत नाही. इनिट फंक्शन गेलं, त्याऐवजी एक्स्टेंशन नावाच्या क्लासवरून आपला क्लास काढायचा आणि तो डिफॉल्ट म्हणून एक्स्पोर्ट करायचा, आत एनेबल आणि डिसेबल, म्हणजे एक्स्टेंशन चालू आणि बंद होताना चालणारी दोन फंक्शन्स. सेटिंग्ज, फोल्डरचा पाथ, यूयूआयडी (एक्स्टेंशनची स्वतःची वेगळी ओळख) हे सगळं आता 'धिस'वरच मिळतं आणि हे मला फार आवडलं, आधी 'मी कोण आहे' हे विचारायला वेगळं फंक्शन बोलवावं लागायचं.

एका ठिकाणी मात्र दोन तास गेले, ते लिहून ठेवते म्हणजे कुणाचे तरी वाचतील. प्रेफरन्सेसची खिडकी ही शेलच्या प्रोसेसमध्ये नसते, वेगळी चालते आणि तिथे जीटीके ४ आणि ॲडवेटा या लायब्रऱ्या असतात, एसटी-क्लटर नसतं. त्यामुळे तिथला रिसोर्सचा पत्ताही वेगळा आहे. शेलच्या आतून मागवताना पत्त्यातलं 'शेल' छोट्या एसने लिहायचं, आणि प्रेफरन्सेसमधून मागवताना 'शेल' मोठ्या एसने, त्यापुढे मोठ्या ईने 'एक्स्टेंशन्स' आणि मग जेएस. मी एक पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला आणि खिडकी उघडेना, आणि वीस वेळा वाचूनही दोन ओळी सारख्याच दिसत होत्या!

दर वेळी लॉगआउट करत बसू नका हेपण सांगते. एक्स११ वर (स्क्रीनवर सगळं दाखवायची जुनी पद्धत, वेलँड ही नवी) असताना ऑल्ट एफ२ दाबून आर लिहिलं की शेल रीस्टार्ट व्हायचं, वेलँडवर ते नाही, तिथे शेल पडलं की सगळं सेशनच जातं. आणि बंद-चालू केल्याने नवा कोड येत नाही, कारण एकदा लोड झालेलं मॉड्यूल इंजिन परत वाचत नाही. उपाय म्हणजे डीबस-रन-सेशन या कमांडच्या आत ग्नोम-शेल 'नेस्टेड' आणि 'वेलँड' हे दोन पर्याय देऊन चालवायचं, एका खिडकीत अख्खा दुसरा डेस्कटॉप उघडतो, बिघडला तर बंद करून परत उघडा. (ग्नोम ४९ पासून 'नेस्टेड' गेलंय, त्याऐवजी 'डेव्हकिट' आहे.) रविवारची सगळी दुपार त्या खिडकीतच गेली.

लोड झालं, पण लेबल नाही. 'ॲड ॲक्टर हे फंक्शनच नाही' अशी एरर. हा ४६ चा बदल, क्लटरमधला कंटेनर काढून टाकला त्यामुळे ॲड ॲक्टरचं ॲड चाइल्ड करायचं. तीन ठिकाणी होतं, बदललं, आणि पट्टीवर "श्रावण" दिसलं तेव्हा मी एकटीच टाळी वाजवली. आई स्वयंपाकघरातून "झालं?" म्हणाली.

झालं नव्हतं. स्क्रीन लॉक करून उघडली की लॉगमध्ये एरर यायची की या नावाचं इंडिकेटर (पट्टीवरचा घटक) आधीच आहे. स्क्रीन लॉक झाली की शेल एक्स्टेंशन्स डिसेबल करतं आणि उघडली की परत एनेबल करतं, हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं डिसेबल म्हणजे कुणी हाताने बंद केलं तर. नव्या क्लासमध्ये बसवताना मी डिसेबल नुसतं रिकामं ठेवलं होतं, नंतर बघू म्हणून. मग जुना कोड काढून बघितला तर त्यात इंडिकेटर नष्ट करत होते पण दर मिनिटाला तारीख तपासणारा टायमर काढतच नव्हते. आई दिवसातून दहा वेळा लॅपटॉप ठेवून उठते, म्हणजे दर उघडण्याला एक नवा टायमर आणि जुने सगळे तसेच चालू, जे लेबल आता नाहीच त्याच्यावर लिहायला धडपडणारे. दोन वर्षं हे चाललं होतं आणि मधूनमधून आई म्हणायची लॅपटॉप जड झालाय, मी म्हणायचे जुना आहे ना. तो शंभर टक्के यामुळेच जड व्हायचा असं मी म्हणणार नाही, पण मला फार वाईट वाटलं. आता एनेबलमध्ये जे जे बनवलं ते ते डिसेबलमध्ये उलट्या क्रमाने काढलंय, टायमरचा आयडी जपून ठेवून सोर्स रिमूव्ह, सिग्नल डिस्कनेक्ट, इंडिकेटर डिस्ट्रॉय आणि शेवटी नल. एक्स्टेंशन लिहिणाऱ्याने आधी डिसेबल लिहावं आणि मग एनेबल, असं माझं आता पक्कं मत झालंय.

सोमवारी, २ सप्टेंबरला, पट्टीवर श्रावण अमावास्या. छान. रात्री झोपले. मंगळवारी सकाळी बघते तर अजून अमावास्याच! मला वाटलं टायमर काढताना मी जरा जास्तच काढलं, तो आता चालतच नाही. कामाची मीटिंग दहाला होती तोपर्यंत लॉग टाकत बसले, टायमर दर मिनिटाला नीट येत होता, तारीख ३ दाखवत होता. मग जेसन उघडली तर २ ला अमावास्या आणि ३ लाही अमावास्या, म्हणजे पाडव्याला टाइप करतानाच चूक झाली असणार, ३ ला भाद्रपद प्रतिपदा हवी. मी ती ओळ बदलणार तेवढ्यात आई चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "हात नको लावूस, बरोबर आहे ते. अमावास्या वाढलीय. आज सूर्य उगवला तेव्हापण अमावास्याच होती."

बरोबरच होतं. तिथी सूर्योदयाला असेल ती त्या दिवसाची, आणि ही अमावास्या सोमवारी उजाडायच्या आधी लागून मंगळवारी उजाडल्यावर संपली, दोन सूर्योदय एकाच तिथीत. वृद्धी तिथी. कोडही बरोबर, फाइलही बरोबर, मीच दीड तास बरोबर गोष्टीत चूक शोधत होते. मग एक भर घातली, लागोपाठ दोन दिवस तीच तिथी असली तर दुसऱ्या दिवशी पुढे "वृद्धी" लिहून येतं. बुधवारी प्रतिपदा आली आणि शुक्रवारी हरितालिकेच्या सकाळी तृतीया बघून आई पूजेच्या तयारीला लागली.

गणपती झाल्यावर ग्नोमच्या एक्स्टेंशन्सच्या साइटवर अपलोड केलं. जुनी झिप ४४ पर्यंतच्या लोकांसाठी तशीच ठेवलीय आणि नवीन ४५ पासून पुढे, यूयूआयडी एकच, साइट ज्याच्या त्याच्या शेलप्रमाणे योग्य ती देते. तपासणारी माणसं स्वयंसेवक आहेत, ती खरंच एकेक ओळ वाचतात, त्यांनी माझा एक ऑब्जेक्ट फाइलच्या अगदी वर, एनेबलच्या बाहेर तयार होतोय म्हणून परत पाठवलं आणि त्यांचं म्हणणं योग्य होतं. तो आत घेतला. नंतर मार्च २०२५ मध्ये ४८ आलं, बंगळुरू नावाचं, तेव्हा फक्त बॉक्सचं 'व्हर्टिकल' काढून 'ओरिएंटेशन' केलं, पाच मिनिटं. आई मात्र २४.०४ वरच आहे म्हणजे ४६, तिला इतक्यात काही हलवायची गरज नाही.

२०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे. २०२३ च्या अधिक श्रावणात लेबल लांब होऊन घड्याळाला चिकटलं होतं, म्हणून यावेळी रुंदी आधीच तपासून ठेवलीय. आणि शके १९४८ ची फाइल टाइप करायचं काम आईने स्वतः मागून घेतलं, तिला फक्त दाखवून दिलं की प्रत्येक ओळीनंतर स्वल्पविराम द्यायचा आणि शेवटच्या ओळीनंतर द्यायचा नाही.