मलय आई, ह्मोंग आजी

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सेंट पॉल शहरात मी शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील मुलांसाठी स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. या शहरात ह्मोंग समाजाची मोठी वस्ती आहे. लाओसमधील युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या ह्मोंग लोकांना १९७५ नंतर देश सोडावा लागला, थायलंडमधील छावण्यांत वर्षे काढावी लागली आणि पुढे त्यांतील हजारो कुटुंबे मिनेसोटा, विस्कॉन्सिन व कॅलिफोर्निया या राज्यांत स्थायिक झाली. त्यामुळे ह्मोंग बोलणारी मुले माझ्याकडे नेहमी येतात. ह्मोंग आणि मलय या दोन्ही भाषा एकाच घरात ऐकत वाढलेले मूल मात्र त्या दिवशी प्रथमच माझ्यासमोर बसले होते. त्याची ओळख पटेल असा तपशील मी येथे दिलेला नाही.

मुलगा साडेचार वर्षांचा होता. वडील सेंट पॉलमध्येच वाढलेले ह्मोंग, आई मलेशियाच्या केलांतान राज्यातील कोटा भारूची, आणि दिवसभर त्याला सांभाळणारी आजी लाओसमधून आलेली. त्याच्यासोबत आलेल्या कागदांत एका इंग्रजी चाचणीचे निकाल होते. त्यांत त्याचे गुण फार खाली होते, ‘भाषाविकासात गंभीर विलंब’ असा शेरा होता, आणि घरात फक्त इंग्रजीच बोलावे असा सल्ला कोणीतरी आईवडिलांना दिलेला होता. हा सल्ला मिळाल्यापासून आजी नातवाशी जवळजवळ बोलेनाशी झाली होती, कारण तिला इंग्रजी येत नव्हते. अपंग मुलांच्या शिक्षणाच्या अमेरिकी कायद्यानुसार मुलाची तपासणी, अगदीच अशक्य नसेल तर, त्याच्या स्वतःच्या भाषेत व्हावी लागते. आपल्या कामाला इतका मोठा आधार देणारा दुसरा नियम मला माहीत नाही. म्हणून मी आई आणि आजी या दोघींनाही बोलावले आणि ह्मोंग दुभाषी बाईंना सोबत घेतले.

इंग्रजी चाचणीत मुलाने ज्या प्रश्नांवर गुण गमावले होते, ते मी आधी वाचून काढले. दोन कुत्र्यांच्या चित्राकडे पाहून त्याने अनेकवचनाचा प्रत्यय लावला नव्हता आणि ‘काल’ म्हटल्यावर क्रियापदाचे रूप बदलले नव्हते. वरवर पाहता हा व्याकरणाचा दोष वाटतो. परंतु मलय आणि ह्मोंग या दोन भाषांची कुळे वेगळी असूनही नेमक्या याच बाबतीत त्या एकमेकींसारख्या वागतात. मलय ही ऑस्ट्रोनेशियन कुळातील, तर ह्मोंग ही ह्मोंग-मिएन कुळातील. ही दोन कुळे मुळात एकच असावीत अशी मांडणी पॉल बेनेडिक्ट यांनी १९७० च्या दशकात केली होती, पण बहुतेक भाषावैज्ञानिकांनी ती स्वीकारलेली नाही. तरीही दोन्ही भाषांत क्रियापद काळानुसार बदलत नाही. काम झाले, चालू आहे की व्हायचे आहे हे स्वतंत्र शब्दांनी सांगतात. संख्या सांगताना नामाचे रूप तसेच राहते आणि संख्या व नाम यांच्यामध्ये नामाचा प्रकार सांगणारा वर्गदर्शक शब्द येतो. मलयमध्ये प्राण्यांसाठी ‘एकोर’, माणसांसाठी ‘ओरांग’, तर ह्मोंगमध्ये प्राण्यांसाठी ‘तू’ आणि घरासारख्या वस्तूंसाठी ‘लू’. म्हणजे या मुलाला घरातील दोन्ही भाषांनी जे कधी शिकवलेच नव्हते, त्याचीच परीक्षा इंग्रजी चाचणीने घेतली होती.

मुलाचे व्याकरण खरोखर कसे आहे, याचे उत्तर ह्मोंगमधूनच मिळाले. आजीने चित्रातील एका कुत्र्याकडे बोट दाखवले तेव्हा तो ‘तू दे’ म्हणाला, आणि दोन कुत्रे दाखवल्यावर ‘ऑ तू दे’. देवनागरीत लिहिताना दोन्ही ‘तू’ एकच दिसतात, पण दुभाषी बाईंनी लगेच मान हलवली. ह्मोंगमध्ये सूर हा शब्दाचाच भाग असतो, आणि पहिल्या वेळी त्याने तो शब्द खालच्या सुरात उच्चारला होता. दुसऱ्या वेळी ‘दोन’ या अर्थाच्या उंच सुरातील शब्दानंतर तोच ‘तू’ श्वास मिसळलेल्या सुरात आला होता. शेजारच्या सुराच्या प्रभावाने होणारा हा बदल ह्मोंगच्या व्याकरणाचा भाग आहे. साडेचार वर्षांचे मूल तो कोणी न शिकवता आणि न चुकता करत असेल, तर त्याच्या भाषाविकासाला गंभीर विलंब म्हणणे मला मान्य होण्यासारखे नव्हते.

व्याकरणात जवळच्या वाटणाऱ्या या दोन भाषा उच्चारात मात्र परस्परविरुद्ध टोकांना आहेत, आणि पुढचे सगळे काम या भेदावरच उभे राहिले. मलयमधील मूळ शब्द बहुधा दोन अक्षरांचा असतो, त्याच्या शेवटी व्यंजन येऊ शकते आणि सुराने शब्दाचा अर्थ बदलत नाही. ह्मोंगमध्ये बहुतेक शब्द एकाक्षरी, शेवटी व्यंजन नाही, फार तर स्वर नाकातून उच्चारला जातो. त्याऐवजी अर्थ बदलणारे सूर सात, काहींच्या मोजणीत आठ. चेंडू, काटा, पाहणे आणि वडिलांची आई हे चारही शब्द ‘पॉ’च आहेत, फरक केवळ सुराचा. १९५० च्या दशकाच्या आरंभी मिशनऱ्यांनी लाओसमध्ये ह्मोंगसाठी जी रोमन लिपी तयार केली, तिच्यात शब्दाच्या शेवटी दिसणारी बी, जी, एस, एम ही अक्षरे व्यंजने नसून सुरांच्या खुणा आहेत. शब्दाच्या आरंभी मात्र ह्मोंगमध्ये व्यंजनांची गर्दी असते, आणि मलयमध्ये तुलनेने मोजकीच.

येथे मराठी कान उपयोगी पडतो, हे मी अभिमानाने सांगते. मलयमध्ये ‘प’ आणि ‘ब’ वेगळे, पण हवा सोडून उच्चारलेल्या महाप्राणाला तेथे स्थान नाही. ह्मोंगमध्ये अल्पप्राण ‘प’ आणि ओठ मिटून हवेसह सोडलेला ‘फ’ वेगळे, पण साधा ‘ब’ नाही. मराठीत प, फ, ब, भ ही चारही घरे भरलेली आहेत. ह्मोंगमधील त, थ, ट, ठ यांचा भेदही आपल्याला न शिकता ऐकू येतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माझ्या सहकाऱ्यांना त्यासाठी पुष्कळ सराव करावा लागतो. आणि आजीसाठीचा ह्मोंग शब्द ज्या श्वासयुक्त आवाजात म्हणतात, तो आपल्या भ आणि घ यांमधील हवेशी जवळचा आहे. मुलाने चित्रे पाहून चारही ‘पॉ’ म्हटले. दुभाषी बाईंनी चारही बरोबर ठरवले, आणि श्वासाचा सूर मला स्वतःलाही स्वच्छ ऐकू आला.

मग मलयकडे वळलो. आईने प्रथम माझ्यासाठी शाळेत शिकवतात तशी प्रमाण मलय वापरून शब्द सांगितले: तोंडाला ‘मुलुत’, गरमला ‘पानास’, कोंबडीला ‘आयाम’, खाण्याला ‘माकान’. मुलगा म्हणत होता ‘मुलू’, शेवटी घसा अडवून. ‘पानाह’, ‘आये’, ‘माके’. प्रमाण मलयशी ताडून पाहिले असते, तर शब्दाच्या शेवटची व्यंजने गाळण्याचा मोठा दोष नोंदवावा लागला असता. म्हणून मी आईला विनंती केली की, माझ्याकडे लक्ष न देता तुम्ही मुलाशी घरी बोलता तसे बोला. ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली आणि बोलू लागली. तिच्या तोंडूनही ‘मुलू’, ‘पानाह’, ‘आये’, ‘माके’च येत होते. केलांतानच्या बोलीत शब्दाच्या शेवटचे प, त, क घशातच अडतात, ‘स’चा ‘ह’ होतो आणि ‘आन’, ‘आम’ यांचा ‘ए’ होतो. मुलाने काहीही गाळलेले नव्हते; त्याने आईची बोली तंतोतंत उचलली होती, आणि ह्मोंगमध्येही शेवटी व्यंजन नसल्यामुळे त्याला त्या उच्चारांना दुसऱ्या घरच्या भाषेकडूनही विरोध झाला नव्हता. परक्या माणसासमोर, विशेषतः कार्यालयात, केलांतानचे लोक प्रमाण मलयकडे वळतात हे आईने मला नंतर सांगितले. बोलीचा नमुना घेतल्याशिवाय मलय मुलाचे उच्चार तपासू नयेत, असे माझे आता ठाम मत आहे.

एका भाषेत नसलेला ध्वनी दुसऱ्या भाषेत अडखळत असेल, तर तो भाषांचा परस्परांवरील परिणाम समजावा. दोन्ही भाषांत असलेला ध्वनी दोन्हीकडे सारखाच बिघडत असेल, तर तेथे थांबून पाहावे, ही आमच्या कामाची रीत आहे. शर्टाला म्हणतात त्या ‘बाजू’चा तो अधूनमधून ‘पाजू’ करत होता. ह्मोंगमध्ये साधा ‘ब’ नसल्याने ते मी पहिल्या प्रकारात टाकले. परंतु पायाच्या ‘काकी’चा ‘ताती’ होत होता, आणि ह्मोंगमधील ‘मी’ म्हणजे ‘कू’चा ‘तू’. ‘क’ दोन्ही भाषांत आहे, इंग्रजीतही आहे, आणि तिन्हींत त्याचा स्वच्छ, दंत्य ‘त’ होत होता. जिभेचा मागचा भाग उचलण्याऐवजी टोक पुढे नेण्याची ही सवय बहुतेक मुलांत चार वर्षांच्या आसपास सुटते. याची ती सुटली नव्हती. तपासणीत सापडलेला खरा दोष एवढाच, आणि तो उपचाराने बरा होण्यासारखा. श्रवणचाचणी आधीच झालेली होती आणि तिचे निकाल उत्तम होते.

अहवालात मी भाषाविकासाचा विलंब नाही, ‘क’ वर्गातील ध्वनींचा मर्यादित उच्चारदोष आहे, असे लिहिले, आणि केलांतानच्या बोलीची वैशिष्ट्ये वेगळ्या परिच्छेदात नोंदवली, म्हणजे पुढे त्याला तपासणारी व्यक्ती पुन्हा ‘मुलुत’पाशी अडणार नाही. दुभाषी बाईंमार्फत आजीने मला एकच प्रश्न विचारला: ती नातवाशी ह्मोंगमध्ये बोलल्यामुळे हे झाले का? मी सांगितले की तसे मुळीच नाही, दोन भाषांमुळे मुलाचे बोलणे बिघडत नाही, आणि त्याचे व्याकरण शाबूत असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा मला तुमच्याच भाषेतून मिळाला. घरात फक्त इंग्रजी बोलण्याचा सल्ला मागे घ्यावा, असे मी अहवालातही स्पष्ट लिहिले.

उपचारासाठी शब्द निवडताना मी आजीकडून ह्मोंगमधील ‘क’ने सुरू होणारे रोजचे शब्द घेतले, ‘मी’, ‘तू’ आणि ‘रस्ता’ या अर्थांचे शब्द त्यांत पहिले. आईकडून ‘काकी’ आणि मांजरासाठीचा ‘कुचिंग’. हे शब्द आधी आजीसोबत, मग आईसोबत आणि शेवटी वर्गात इंग्रजीतून, असा क्रम आम्ही ठरवला. दिवसाचा सर्वाधिक वेळ तो आजीजवळ असल्यामुळे सरावाचा मोठा वाटा तिच्याकडे गेला, आणि पहिला स्वच्छ ‘क’ ह्मोंगमधील ‘मी’ या शब्दातच आला.