वॉशिंग्टनला जाऊन बेंजो ऐकून आले

वॉशिंग्टनला जाणार म्हणलं की सगळे व्हाईट हाऊस, लिंकन मेमोरियल आणि चेरीची झाडं एवढंच सांगतात, स्मिथसोनियनची म्युझियम फुकट आहेत हे तर दहादा सांगतात, पण तिथे ब्लूग्रास, म्हणजे बेंजो, गिटार, मँडोलिनवर चालणारं अमेरिकन ग्रामीण संगीत, ऐकायला जा असं मला कुणी म्हणालं नव्हतं. म्हणाला तो भाचा. तो व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहतो. "मावशी, बेंजो आहे, पण वरातीतला नाही हं," एवढंच बोलला आणि तिकिटं काढून मोकळा.

जागेचं नाव बर्चमियर, वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रियात माउंट व्हर्नन अव्हेन्यूवर. बाहेरून बघाल तर काही म्हणजे काही शोभा नाही, साधी बैठी इमारत आणि पुढे पार्किंग. आत पाचेकशे माणसं बसतात, टेबलं मांडलेली, खात-पीत ऐकायचं. मला वाटलं झालं, आता प्लेटांचा खणखणाट आणि गप्पा, पण गाणं सुरू असताना बोलू नका ही इथली जुनी शिस्त आहे आणि लोक ती खरंच पाळतात. आमच्या शेजारच्या टेबलावरचे आजोबा फ्राइजसुद्धा दोन गाण्यांच्या मधे खात होते.

बँड होता सेल्डम सीन. वॉशिंग्टनच्या आसपासचा, इथलाच. तसं ब्लूग्रासचं माहेर केंटकी, तिथल्या बिल मन्रोने ही शैली उभी केली आणि १९४५ च्या शेवटी अर्ल स्क्रग्स तीन बोटांनी बेंजो वाजवायची पद्धत घेऊन त्याच्या बँडमध्ये आला तेव्हा तिला आजचं रूप मिळालं. मग ते राजधानीत कसं पोचलं, तर नोकरीमागे. अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागातली माणसं कामासाठी वॉशिंग्टन-बाल्टिमोरकडे आली आणि येताना आपली गाणी घेऊन आली.

सेल्डम सीन सुरू झाला १९७१ मध्ये आणि मूळची पाच माणसं कोण होती ते ऐका, मला तर हाच भाग सगळ्यात आवडला. बेंजोवाला बेन एल्ड्रिज गणितज्ञ, त्याच्याच तळघरात हे सगळे जमायचे. बेसवर टॉम ग्रे, दिवसा नॅशनल जिओग्राफिकमध्ये नकाशे करायचा. गिटार आणि मुख्य आवाज जॉन स्टार्लिंगचा, तो लष्करातला सर्जन, व्हिएतनामला जाऊन आलेला, तोही कान-नाक-घशाचा, म्हणजे बँडला घरचाच डॉक्टर! डोब्रोवर, म्हणजे आडव्या धरून वाजवायच्या गिटारवर, माइक ऑल्ड्रिज, वॉशिंग्टन स्टार नावाच्या पेपरात चित्रकार, आणि १९८१ ला तो पेपर बंद पडल्यावरच तो पूर्णवेळ संगीतात आला. त्याच्या घरात हे वाद्य आधीपासून होतं म्हणा, त्याच्या मामाने १९२८ मध्ये जिमी रॉजर्स या कंट्री गायकाच्या रेकॉर्डिंगला स्टील गिटार वाजवली होती.

राहिला जॉन डफी, मँडोलिन आणि वरच्या पट्टीतला आवाज. वडील ऑपेरात गाणारे आणि मुलगा शिरला ब्लूग्रासमध्ये! १९५७ पासून कंट्री जेंटलमेन या ब्लूग्रास बँडमध्ये होता, १९६९ मध्ये सोडून वाद्यदुरुस्ती करत बसला होता. हा आणि ग्रे सोडले तर बाकीच्यांचं फारसं नाव नव्हतं.

म्हणजे आपल्याकडे कसं बँकेतली माणसं सहाला ऑफिस सुटलं की राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीला पळतात, अगदी तसं. दौरे करायचे नाहीत, आठवड्यातून एक रात्र जवळच्या क्लबात वाजवायचं, सकाळी कामावर. आधी वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा गावी रेड फॉक्स इनमध्ये, नंतर वर्षानुवर्षं दर गुरुवारी बर्चमियरला. सेल्डम सीन हे नावही त्यातूनच, आम्ही क्वचितच दिसणार. आणि माझं मत विचाराल तर पगार दुसरीकडून येत होता म्हणूनच त्यांना कुणाची मर्जी सांभाळावी लागली नाही, फोक काय, रॉक काय, आवडेल ते गाणं उचलून ब्लूग्रासमध्ये बसवलं. पोटासाठी वाजवणाऱ्याला ते परवडलं नसतं.

आम्ही गेलो तेव्हा त्या पाचातला एकही स्टेजवर नव्हता. डफी १९९६ मध्ये वारला, एल्ड्रिजही २०१६ च्या सुमारास थांबला. त्यांच्या जागी आलेल्यांपैकी डडली कॉनेल आला तो जॉन्सन माउंटन बॉइज या अगदी जुन्या वळणाच्या बँडमधून. लू रीड ब्लूग्रास-कंट्रीतल्या नामवंत रिकी स्कॅग्जबरोबर वाजवून आलेला. रॉन स्टुअर्ट बेंजो आणि फिडल (म्हणजे व्हायोलिनच) दोन्ही तितकंच सुंदर वाजवतो, हे जरा अतीच आहे.

पण माझी नजर हलेना ती फ्रेड ट्रॅव्हर्सच्या डोब्रोवरून. गिटारसारखं वाद्य आडवं धरलेलं, तारा वरच्या बाजूला, पोटात धातूची गोल तबकडी. डाव्या हातात पोलादी पट्टी, ती तारांवर टेकवून सरकवायची, दाबायची नाही, उजव्या बोटांना धातूच्या नख्या. एक सूर खालून वर सरकत गेला आणि मी चक्क "वा!" म्हणाले, मोठ्याने. मींडच हो ती. आजोबांनी वळून बघितलं. भाचा खाली बघून हसत होता.

तीन आवाजांची हार्मनी मात्र पचायला वेळ लागला. एक जण चाल गातो, दुसरा त्याच्या वर, तिसरा खाली. आपला कान एकाच सुरामागे धावतो, इथे तिघांमागे एकदम धावायचं. चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत जमलं, मग मजा यायला लागली.

भाच्याचा खरा हीरो वेगळाच निघाला, पंच ब्रदर्स या बँडचा गिटारवाला ख्रिस एल्ड्रिज, या बेनचाच मुलगा. परतताना गाडीत तेच चालू होतं.

जाणार असाल तर लवकर जा, दारात नंबर देतात आणि त्या क्रमाने आत सोडतात, उशिरा पोचलात तर मागचं टेबल नशिबी. आणि डोब्रो बघायचा असेल तर पुढेच बसा, मागून ती पट्टी दिसत नाही.