ताई, फॅन कितीचा बसवू?

"मागच्या खोलीत शिसं वितळवून गळाची वजनं ओततो. ताई, एक्झॉस्ट फॅन कितीचा बसवू, नऊ इंची की बारा इंची?" साधारण याच शब्दांत हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणारे बहुतेक नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बाजूला सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसणारे हौशी लोक असतात. काही जण जाळ्यांना शिसं लावून द्यायचं काम घरूनच करतात. मी सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली हवा मोजते. कामगाराच्या कॉलरला फिल्टरची डबी, कमरेला मिनिटाला दोनेक लिटर हवा ओढणारा पंप, आणि पाळी संपली की फिल्टर प्रयोगशाळेत, असं ते काम. म्हणून लोक मला विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कधीकधी बंदुकीच्या गोळ्या ओतण्याबद्दलही कुणी चाचपून बघतं. बाहेरच्या काही देशांत लोक हा उद्योग घरच्या गॅरेजमध्ये करतात. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय माझ्यासाठी तिथेच संपतो. पुढचं सगळं गळाच्या आणि जाळ्याच्या वजनांपुरतं.

फॅनच्या इंचांकडे येण्याआधी शिसं नाकापर्यंत पोचतं कसं ते सांगते. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि साच्यात ओतायला ३५० ते ४०० अंश पुरतात. त्याचा उत्कलनबिंदू १७४९ अंश आहे, म्हणजे ओतकामाच्या तापमानाला शिशाची वाफ फार थोडी होते; पाचशेच्या वर गेलं की ती मनावर घेण्याइतकी वाढते. एवढं वाचून बरेच जण निर्धास्त होतात. पण भांड्यात नीट बघा. मळी, म्हणजे वर आलेला मळकट थर, काढल्यावर पृष्ठभाग क्षणभर आरशासारखा चमकतो, मग काठाकडून त्यावर पिवळट-राखाडी साय धरू लागते. ते शिशाचं ऑक्साइड. चमच्याने ती साय ओढली की तिचा भुगा होतो, आणि चमचा रिकामा करायला आपण तो डब्याच्या कडेवर टक्‌कन आपटतो. त्या एका टक्‌ला जी धूळ उठते ती समोरून दिसत नाही. खिडकीतून तिरपं ऊन येत असेल तरच दिसते, आणि तेव्हा आपलं तोंड तिच्यापासून हातभरही लांब नसतं.

मळी सुटावी म्हणून मेणाचा तुकडा टाकतात, त्याचा काळा धूर होतो. लोक खोलीची हवा त्या धुरावरून जोखतात: धूर गेला, खोली साफ झाली, फॅन बंद केला. धूर मेणाचा असतो. शिशाची धूळ तेव्हा कुठे खाली बसायला लागलेली असते.

किती धूळ म्हणजे जास्त? १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत हवेतल्या शिशाची मर्यादा घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम ठेवली होती. अमेरिकेत ती ०.०५ आहे, आपल्या एक तृतीयांश. घरातली दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा मावते. म्हणजे जेमतेम पाच मिलिग्रॅम शिसं त्या हवेत तरंगत राहिलं की खोली कारखान्याच्या मर्यादेला टेकली. तांदळाच्या एका दाण्याचं वजन वीसेक मिलिग्रॅम भरतं, त्याच्या पाव हिश्शाइतकं. आणि ही मर्यादा धडधाकट कामगाराच्या आठ तासांच्या पाळीसाठी आहे. शेजारच्या खोलीत रांगणाऱ्या बाळाचा विचार करून ती ठरवलेली नाही.

आता फॅन. भिंतीतला साधा एक्झॉस्ट फॅन तासाला पाचशे घनमीटर हवा खरोखर बाहेर टाकत असेल, तर या खोलीची हवा तासाला चौदा-पंधरा वेळा बदलते. ऐकायला उत्तम आहे. पण हवा बदलते ती खोलीची सरासरी. भांड्यातून उठलेली धूळ फॅनकडे जाताना आधी सगळ्या खोलीत पसरते, आणि भांडं व फॅन यांच्या मध्ये तुम्ही बसला असाल तर तुमच्या नाकावरून जाते. शिवाय फॅनची ओढ अंतरासोबत झपाट्याने मरते. सहा इंची पाइपच्या तोंडाशी जो वेग असतो, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा सहा इंचांवर उरतो. फुंकर लांबवर जाते, ओढ जात नाही. हातावर फुंकून बघा आणि मग हातावरची हवा तेवढ्याच अंतरावरून तोंडाने ओढून बघा, लगेच कळेल.

म्हणून माझं उत्तर असं: फॅन खोलीला लावू नका, भांड्याला लावा. तीन बाजूंनी आणि वरून बंद अशी पत्र्याची पेटी करून घ्या. पुढचं तोंड साधारण ६० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर उंच. वितळवायचं भांडं, साचा, मळीचा डबा हे सगळं पेटीच्या आत. हात तेवढे आत जातील, तोंड बाहेर राहील. मागच्या बाजूने पाइप निघेल. पेटीच्या तोंडाशी हवेचा आत जाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर हवा. तोंडाचं क्षेत्रफळ ०.२७ चौरस मीटर, म्हणजे तासाला सुमारे ४८६ घनमीटर हवा ओढली गेली पाहिजे. मघाचाच आकडा, पाचशेच्या आसपास. भिंतीतल्या फॅनने जेवढी हवा ओढूनही धूळ खोलीभर पसरते, तेवढीच हवा पेटीमागून ओढली तर धूळ खोलीत फारशी येत नाही.

मात्र पात्यांचा साधा फॅन पाइपवर चालत नाही. खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. पाइप आणि दोन वळणं आली की तो फॅन गरगरत राहतो, हवा फारशी सरकत नाही. पाइपमधून जोराने हवा ढकलणारा ब्लोअर घ्या. पाइप जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा, पाच इंची. एवढी हवा पाच इंची पाइपमधून जाते तेव्हा वेग सेकंदाला दहा मीटरच्या वर राहतो आणि बारीक धूळ वाटेत सहसा बसत नाही. सुरळ्यांचा लवचिक पाइप नको, त्याच्या घड्यांत सगळं साचतं. ब्लोअर पाइपच्या बाहेरच्या टोकाला, घराबाहेर बसवा. मग घरातला सगळा पाइप ओढीखाली राहतो आणि एखादा सांधा ढिला झाला तरी तिथून खोलीतली हवा आत खेचली जाते, पाइपमधली धूळ बाहेर पडत नाही. पाइपला उतार बाहेरच्या बाजूला द्या. नाशकातला श्रावण तुम्हाला माहीत आहे. वळचणीचं पाणी पाइपातून उलट येऊन ३५० अंशांच्या शिशात एक थेंब जरी पडला, तरी त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. पावसाळ्यात थंड साच्यावरही दमटपणा धरतो, तो आधी तापवून सुकवल्याशिवाय ओतू नका. सातपूरला पत्र्याचं डक्टिंग करणारे पुष्कळ आहेत. कागदावर मापं काढून दिलीत तर अशी पेटी त्यांच्या हातचं काम आहे.

पेटी बसली की शिसं चढवायच्या आधी उदबत्ती लावा. माझी मशीन महाग आहेत, पण या कामाला उदबत्ती त्यांच्या तोडीची आहे. पेटीच्या तोंडाशी डावीकडे खालच्या कोपऱ्यात धरा आणि हळूहळू पूर्ण चौकट फिरवा. धुराची रेघ सगळीकडे सरळ आत वळली पाहिजे. कोपऱ्यात ती घुटमळत असेल, वर चढून तुमच्याकडे येत असेल, तर तिथे ओढ अपुरी आहे. मग पेटीपुढे तुम्ही काम करताना बसता तसे बसा आणि पुन्हा बघा. माणूस समोर बसला की त्याच्या अंगाभोवती हवेचा भोवरा तयार होतो आणि रेघ बदलते. आता कुणाला तरी दार उघडायला सांगा. शेवटी छताचा पंखा लावा. रेघेच्या चिंधड्या होताना एकदा डोळ्यांनी पाहिलंत, की शिसं ओतताना छताचा पंखा बंद ठेवायला मला सांगावं लागणार नाही. कूलरचंही तेच.

बाहेर गेलेल्या हवेइतकी हवा आत यायला हवी, हे लोक विसरतात. डिसेंबर-जानेवारीत थंडी झोंबते म्हणून सगळ्या खिडक्या लावून ब्लोअर सुरू करतात. ब्लोअर मग फटींतून, दाराखालून, मिळेल तिथून हवा ओढतो. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर त्याचा धूरही उलटा घरात ओढला जाऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. तुमच्या पाठीमागची खिडकी उघडी हवी, म्हणजे हवा पाठीवरून येऊन भांड्यावरून पेटीत जाईल.

"किचनची चिमणी बसवली तर?" हा दुसरा हमखास प्रश्न. चिमणी भांड्याच्या डोक्यावर असते आणि ओतणारा भांड्यावर वाकतो. भांड्यातलं जे काही वर चढतं ते तुमच्या तोंडावरून चिमणीत जातं. पाइप नसलेली, कोळशाच्या फिल्टरमधून हवा परत खोलीत सोडणारी चिमणी तर या कामाला निरुपयोगी आहे. तो कोळसा वास अडवतो, धातूची धूळ अडवत नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. आणि स्वयंपाकघरात हे काम कुठल्याही चिमणीखाली करायचं नाही, रविवारी दुपारी सगळे झोपले असताना, ओटा नंतर पुसून घेऊनसुद्धा नाही.

बाहेर टाकलेली हवा कुणाच्या घरात जाते हेही बघा. इंदिरानगर, सिडको, कुठल्याही फ्लॅटमध्ये बाथरूमच्या खिडक्या ज्या उभ्या डक्टमध्ये उघडतात, त्यात पाइप सोडणं सोयीचं वाटतं. त्याच डक्टमध्ये वरच्या चार घरांच्या खिडक्या उघड्या असतात. जुन्या नाशकातल्या वाड्यात चौकात पाइप काढला, तर थंडीच्या स्थिर हवेत सगळं चौकातच बसतं, जिथे शेजारणीचे पापड वाळत असतात. पाइप छताच्या वर न्यावा लागतो. ते शक्य नसेल तर ती जागा या कामाची नाही, असं मी स्पष्ट सांगते.

एवढं सगळं नीट झालं तरी अर्धंच काम झालं, कारण जड धूळ हवेत फार वेळ राहत नाही. ती टेबलावर, फरशीवर, शर्टाच्या बाहीवर, चपलेच्या तळाला बसते आणि तिथून हातावाटे तोंडात जाते. त्या खोलीत चहा, तंबाखू, बिस्किट काहीही नको. झाडू तर नकोच. झाडूने ती बसलेली धूळ पुन्हा हवेत जाते, साध्या व्हॅक्यूम क्लीनरमधून मागच्या जाळीने बाहेर येते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं त्याच कामाला वेगळं ठेवा. कपडे खोलीतच बदला, ते घरच्या धुण्यात मिसळू नका. चप्पल त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आतच सोडा. मळी झाकणाच्या डब्यात ठेवा, घंटागाडीत टाकू नका. शिशाचा पुनर्वापर करणाऱ्या अधिकृत कारखान्याकडे जाईल अशी व्यवस्था करा. रुमाल किंवा कापडी मास्क या धुळीला काहीच करत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, पी१०० (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा रबरी मास्क उपयोगी आहे, पण पेटीच्या जोडीला, पेटीऐवजी नव्हे. आणि शिशासाठी जुन्या बॅटऱ्या फोडू नका, त्यांतल्या आम्लाने आणि इतर धातूंनी विषारी वायू होऊ शकतात.

मला सगळ्यात जास्त काळजी असते ती मुलांची. पोटात गेलेल्या शिशातलं मोठ्या माणसाचं शरीर जेवढं शोषतं, त्याच्या चार-पाच पट लहान मूल शोषतं. ते मेंदूच्या वाढीला बाधतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं गर्भापर्यंत जातं. रक्तात इतकं शिसं चालतं अशी कोणतीही सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. २००० साली देशभर पेट्रोलमधून शिसं काढलं, पुढे घरच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं. म्हणून घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई आहे असं कळलं, की मी पेटीचं मापही सांगत नाही. तयार वजनं विकत आणा, किंवा गळाला लोखंडी नट बांधा. तेवढ्याच वजनाला ते आकाराने थोडं मोठं होतं, पण मासा त्याला हरकत घेत नाही. तुटून पाण्यात राहिलेलं शिसं पाणपक्षी खड्यांसोबत गिळतात आणि मरतात. नांदूर मध्यमेश्वरसारखी पाणथळ जागा आपल्याच जिल्ह्यात असताना, मला तरी लोखंडच बरं वाटतं.

ज्यांच्याकडे मुलं नाहीत, जागा वेगळी आहे आणि जे पेटी बसवणारच आहेत, त्यांनी काम सुरू करायच्या आधी रक्तातल्या शिशाची चाचणी करून घ्यावी. आधीचा आकडा हातात नसेल तर नंतरच्या आकड्यावरून पेटी चालते की नाही हे कळत नाही. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, त्यातलं काही हाडांत जाऊन वर्षानुवर्षं राहतं. तेव्हा दुसरी चाचणी काम बंद करून बरेच महिने गेल्यावर नको, काम चालू असतानाच करा. डॉक्टरांना शिसं ओतता हे स्वतःहून सांगा. पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा, चिडचिड एवढ्यावरून त्यांच्या मनात शिसं सहसा येत नाही.