श्रावणात आईला कोरियन हॉटेलात नेलं त्याची गोष्ट

हॉटेलचं नाव विचारू नका, सांगणार नाही. एक तर शेवटी जेवण चांगलं झालं आणि दुसरं म्हणजे हा प्रकार कुठेही होऊ शकतो. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला आहे एवढं पुरे. पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये कारण एका साध्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला मला तिथे पन्नास मिनिटं लागली. प्रश्न काय, तर किमचीत, म्हणजे त्यांच्या कोबीच्या लोणच्यात, मासा आहे का.

झालं असं की लेक चौदा वर्षांची झाली. गेली दोन वर्षं तिच्या भिंतीवर त्या कोरियन बँडच्या सात पोरांचं पोस्टर आहे, फोनवर कोरियन सिरियल चालू असते आणि मला पप्पा म्हणायचं सोडून आप्पा म्हणते. कोरियनमध्ये बापाला आप्पाच म्हणतात म्हणे. माझ्या आजोबांना आम्ही आप्पाच म्हणायचो त्यामुळे आईला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट पोरगी वळणावर आली असं वाटलं. तर वाढदिवसाला पिझ्झा नको, केक पण छोटा चालेल, पण कोरियन हॉटेलातच जायचं आणि आजी हवीच.

वाढदिवस आला श्रावणात. मी आणि बायको एरवी सगळं खातो पण श्रावण पाळतो, आणि आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला चुकवत नाही. अंड्याचा केक सुद्धा तिला चालत नाही. ती म्हणाली तुम्ही जा, मी घरी वरणभात लावते. लेक रडायला लागली. मग मी म्हटलं काढतो काहीतरी मार्ग.

मी अंबडला कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट आधी तपासायची सवय. शनिवारी रात्री बसून वाचलं आणि झोपच उडाली. किमची म्हणजे आपल्याला वाटतं कोबीचं लोणचं, कोबी मीठ तिखट लसूण आलं, झालं. पण नेहमीच्या किमचीत दोन गोष्टी अजून असतात, एक म्हणजे मिठात आंबवलेली बारीक कोळंबी, बारीक म्हणजे अगदी आपल्या जवळ्याएवढी, आणि दुसरी अँचोव्ही नावाच्या माशाचा सॉस. अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातला मासा. कोबीत मासा दिसत नाही, तुकडा लागत नाही, पण असतो. आणि ते तांदळाच्या लांबट गोळ्यांचं लाल रश्श्यातलं असतं ना, त्तोकबोक्की, (मी मेनूवर वाचून टियोकबोकी म्हटलं तर लेकीने कपाळाला हात लावला) त्याचं पाणी सुद्धा बऱ्याचदा याच माशाला उकळून काढतात, वर फिश केकचे तुकडे वेगळे.

फोन करून टेबल बुक केलं, पाच जणांचं, आम्ही चौघं आणि लेकीची मैत्रीण. फोनवरच विचारलं की प्युअर व्हेज मिळेल ना. तिकडून पोरगी म्हणाली, हो सर, सगळं मिळतं, जैन पण करून देऊ. जैन कोरियन! लसूण काढला तर त्यात राहतं काय. (नंतर वाचलं की कोरियातल्या बौद्ध मठांत कांदा लसूण न घालताच स्वयंपाक करतात आणि किमची पण बिनामाशाची घालतात, म्हणजे अशक्य काही नाही, पण फोनवरच्या पोरीला ते माहीत असेल असं वाटत नाही.)

रविवारी साडेसातला पोचलो. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेत त्यात पाऊस, गाडी कुठे लावली ते सांगत नाही. आत छान होतं, लाकडी टेबलं, स्टीलचे चपटे चॉपस्टिक, कोरियन गाणी. पोरी लगेच फोटो काढायला लागल्या. मेनूवर पदार्थांपुढे हिरवी टिंबं. किमचीपुढे हिरवं टिंब. त्तोकबोक्कीपुढे पण हिरवं टिंब.

आणि इथून पुढे माझी पन्नास मिनिटं सुरू.

वेटर आला, विशीतला पोरगा. मी विचारलं, भाऊ, किमची व्हेज आहे का. हो सर. त्यात फिश सॉस असतो का. नाही सर, कोबी असतो. अरे सॉस, सॉस. सॉस वेगळा देतो सर. म्हटलं जरा मोठ्या माणसाला बोलाव.

कॅप्टन आला. त्याने अगदी समजुतीच्या आवाजात सांगितलं, सर आमची किमची व्हेज आहे, त्यात फिशचे पीसेस नसतात. मी म्हटलं पीसेस नसतात ते मला पण माहितीये, सॉस आहे का. तो म्हणाला, सर सॉस तर फक्त टेस्टसाठी असतो. हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. म्हणजे तुकडा ताटात दिसला तर नॉनव्हेज, विरघळून गेला तर व्हेज. आई शेजारी बसून हे सगळं ऐकत होती आणि काहीच बोलत नव्हती, फक्त पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढून रुमालावर ठेवला. तो लाडू बघून मला जे काही झालं ना.

मग मॅनेजर. हातात टॅब. सिस्टिममध्ये व्हेजच दाखवतंय सर. मेनूवरचं टिंब दाखवलं, हे बघा ग्रीन डॉट. मी विचारलं हे टिंब दिलं कोणी. म्हणाला, मेनू ज्याने डिझाइन केला त्याने. हे तो लपवून पण नाही, सरळ सांगत होता. आमच्या कंपनीत असं कोणी म्हणालं असतं की पार्ट ओके आहे कारण ड्रॉइंगवाल्याने हिरवा रंग दिलाय, तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर थांबवला असता.

मी म्हटलं ज्या बाटलीतून तुम्ही सॉस घालता ती बघू दे. तो म्हणाला सर किचनमध्ये गेस्ट अलाउड नाही. मी म्हटलं मी आत येत नाही, बाटली बाहेर येऊ दे. तेवढ्यात टेबलाखालून बायकोची लाथ. लेकीचा चेहरा पडलेला, तिची मैत्रीण मेनू उलटा धरून वाचतेय, शेजारच्या टेबलवरचे लोक जेवण थांबवून बघतायत. पाण्याचे ग्लास तिसऱ्यांदा भरून झाले. मला कळत होतं की मी पोरीचा वाढदिवस खराब करतोय, पण आता माघार कशी घेणार, आईच्या ताटात काय जातंय ते माहीत नसताना?

बाटली आली. सोया सॉसची. हिरवं टिंब. म्हटलं ही नाही. मग लाल डबा आला, गोचुजांगचा, म्हणजे मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन यांची ती लाल पेस्ट, त्याच्यावर पण हिरवं टिंब. मॅनेजर विजयी मुद्रेने बघतोय. मी म्हटलं ही पण नाही, किमचीत जे पातळ घालतात ते. साडेआठ वाजत आले होते.

शेवटी आतून कूकच आला. हात पुसत पुसत, डोक्याला जाळी, दिंडोरीकडचा पोरगा. आल्या आल्या म्हणाला, काका, किमचीत फिश सॉस आहे. आम्ही इथेच भरतो किमची, त्याशिवाय ती चव येत नाही. आजींना देऊ नका. त्तोकबोक्कीच्या पाण्यात पण माशाची पावडर असते. दोन वाक्यांत संपलं! मी मॅनेजरकडे बघितलं. कूक म्हणाला, मला कोणी विचारलंच नाही, मला फक्त ऑर्डरचा कागद येतो. मग त्यानेच बाटली आणून दाखवली. सगळं कोरियन अक्षरांत, पाठीमागे आयात करणाऱ्याचं स्टिकर, आणि त्यावर तिळाएवढा तपकिरी चौकोन, आत त्रिकोण.

हे लक्षात ठेवा, नॉनव्हेजची खूण आता तपकिरी चौकोनातला त्रिकोण आहे, पूर्वीसारखं गोल टिंब नाही. बाहेरून आलेल्या मालावर ती खूण स्टिकरवर असते, मूळ पाकिटावर शोधत बसू नका. अंडं असेल तरी हाच त्रिकोण.

पुढचं जेवण त्या दिंडोरीच्या पोराने स्वतः उभं राहून केलं. बिबिम्बाप, म्हणजे वर भाज्या घातलेला भात, बिनाअंड्याचं, बिनाकिमचीचं, गोचुजांग बाजूला वाटीत. ते गरम दगडाच्या भांड्यात येतं, भात खाली चुरचुरत असतो, आईने चमच्याने तळ खरवडला आणि म्हणाली, अरे ही तर खरवड. कोरियन लोकांना पण ती खरवड आवडते, त्यांच्यात तिला नुरुंग्जी असं नाव आहे, लेकीने सांगितलं. जापचे म्हणून नूडल्स मागवल्या, काचेसारख्या पारदर्शक, त्या रताळ्याच्या स्टार्चच्या असतात. आईने विचारलं रताळ्याच्या आहेत तर उपासाला चालतील का. सोया सॉस, गाजर, पालक सगळं त्यात, तरी विचारलं. किमचीऐवजी त्याने काकडी चिरून त्यात त्यांचं ते तिखट, तीळ, तिळाचं तेल, व्हिनेगर असं लगेच कालवून दिलं. आईने एक घास घेतला, थांबली, म्हटलं तिखट लागलं की काय. म्हणाली, कोशिंबीर आहे, दाण्याचं कूट विसरलाय. त्यांचं तिखट रंगाला भडक, आपल्या ब्याडगीसारखं, जिभेला तेवढं नाही. नाशिकची मिसळ खाणाऱ्या माणसाने घाबरायचं काही कारण नाही.

लाडू तसाच रुमालात परत गेला. आई रुमाल बांधताना मी जो श्वास सोडला तो बायकोने ऐकला म्हणे.

बिलात सर्व्हिस चार्ज लावला होता, काढा म्हटलं, काढला. तो आपोआप बिलात लावता येत नाही, 2022 पासून तशी नियमावली आहे आणि 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने पण तेच सांगितलं. नाही काढला तर 1915 ला फोन करता येतो. कूकला मात्र वेगळे पैसे दिले, हातात.

आता कोणाला जायचं असेल तर, व्हेज आहे का हे विचारूच नका, त्याचं उत्तर सगळीकडे होच येतं. नाव घेऊन विचारा. किमचीत फिश सॉस किंवा कोळंबी आहे का, रश्श्याचं पाणी कशाचं आहे, रामेनचा (सूपातल्या नूडल्स) मसाला बीफचा आहे का, किंबापमध्ये (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात) अंडं आहे का. आणि वेटरला नाही, कूकला विचारायला सांगा. फोन दुपारी चार पाचला करा, तेव्हा किचन रिकामं असतं आणि कूक फोनवर येऊ शकतो, मी रविवारी संध्याकाळी विचारत बसलो ती माझी चूक. कढई वेगळी वापरता का हे पण विचारा, कट्टर असाल तर. चॉपस्टिकची लाज बाळगू नका, कोरियन लोक भात आणि सूप चमच्यानेच खातात, चॉपस्टिक बाकीच्या गोष्टींना. स्टीलचे चपटे असल्यामुळे ते सटकतात, माझा एक गोळा उडून लेकीच्या मैत्रिणीच्या फोनवर पडला. सुरुवातीला तोंडीलावण्याच्या छोट्या वाट्या येतात त्या कोरियात फुकट असतात आणि परत भरून पण देतात, इथे दुसऱ्या वाटीचे पैसे लागू शकतात, आधी विचारा. आणि घरीच हौस भागवायची असेल तर हिरव्या टिंबाच्या कोरियन नूडल्स सुपरमार्केटात मिळतात, पाकीट उलटून बघा म्हणजे झालं.

दसऱ्यानंतर मी आणि बायको दोघंच परत गेलो. आई तेव्हा दादाकडे होती. मॅनेजरने मला लांबूनच ओळखलं आणि आत पळाला, बाहेर आला तो थेट बाटली घेऊनच. म्हटलं राहू द्या हो, आज काही विचारायचं नाही. किमची दोन वाट्या मागवली, तिसरी पण, तिचे पैसे लागले. आई हे वाचत नाही म्हणून लिहितो, जवळा घातलेली किमचीच जास्त चांगली लागते.